चार बेडरूमच्या घरातून अठ्ठावीस फुटी ट्रेलरमध्ये: एका स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

शिकागोचे उपनगर असलेल्या नेपरव्हिलमध्ये १९९९ पासून स्वतःच्या घरात राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने २०२३ च्या मार्चमध्ये ते घर भाड्याने दिले आणि अठ्ठावीस फूट लांबीच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे ट्रकने ओढायच्या चाकांवरच्या घरात, कायमचे राहायला सुरुवात केली. २०२५ मध्ये घर विकले गेले. या सगळ्या काळात त्यांची कागदपत्रे आणि हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या इथल्या मराठी कुटुंबांना मी अशा कामात मदत करत आलो आहे. दोघांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे, नावे मात्र त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. मी त्यांना काका-काकू म्हणतो आणि इथेही तेच म्हणेन.

घर सोडून ट्रेलरमध्ये राहायला जाणारी माणसे अमेरिकेत नवी नाहीत. अशा कायम फिरस्त्यांची संघटना असलेला एस्केपीज आरव्ही क्लब १९७८ पासून चालू आहे, आणि ॲरिझोनातील क्वार्टझाइटसारख्या ठिकाणी दर हिवाळ्यात वाळवंटात ट्रेलरांची वस्तीच उभी राहते. मराठी कुटुंबांत मात्र हा विचार अजून क्वचित होतो, आणि झालाच तर त्याची चर्चा ‘जागा पुरेल का’ एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते. जागेचा प्रश्न मला त्यातला सर्वात सोपा वाटतो. अवघड प्रश्न हा की कोणते पाऊल मागे घेता येते आणि कोणते येत नाही. हे स्थलांतर आजवर टिकले, कारण मागे घेता येण्याजोगी पावले आधी टाकली गेली आणि मागे न घेता येणारी शक्यतो शेवटी राहिली. जिथे हा क्रम पाळणे शक्य नव्हते, तिथे निदान मुदती वेळेत ओळखल्या गेल्या.

कल्पना एकाची, अटी दुसऱ्याच्या

ट्रेलरची कल्पना काकांची. नोकरीच्या काळात त्यांनी राष्ट्रीय उद्याने दोन-दोन दिवसांच्या सुट्ट्यांत पाहिली होती आणि निवृत्तीनंतर ती सवडीने पाहायची असे मनात धरले होते. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे, आणि चार बेडरूमचे घर दोघांसाठी गरम ठेवायचे, झाडायचे, त्याचा मालमत्ता कर भरायचा. इलिनॉयचा मालमत्ता कर देशातील सर्वात चढ्या करांपैकी एक आहे. काकूंना मात्र हे पटलेले नव्हते. त्यांचे भजनी मंडळ, ऑरोरा येथील बालाजी मंदिर, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि वीस वर्षांच्या शेजारणी हे सगळे त्या घराच्या पंधरा-वीस मिनिटांच्या परिघात होते.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते की काकूंनी नकार दिला नाही आणि मुकाट्याने होकारही दिला नाही, तर त्यांनी अटी लिहून दिल्या. गणपती दरवर्षी मुलीकडे कॅरीला बसवायचा आणि त्या काळात प्रवास करायचा नाही. दर जानेवारीत दोघांनी बसून आढावा घ्यायचा आणि दोघांपैकी एकानेही ‘पुरे’ म्हटले तर त्या वर्षी परतायचे. घर विकण्यापूर्वी किमान एक हिवाळा ट्रेलरमध्ये काढायचा. आणि शेवटची अट, जिला आम्ही पुढे ‘परतीचा निधी’ म्हणू लागलो: दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचे दोन वर्षांचे भाडे, अनामत रक्कम आणि गरजेपुरते फर्निचर एवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ट्रेलरसाठी त्यातला एकही डॉलर वापरायचा नाही. काकांना सुरुवातीला हा अविश्वास वाटला. मी काकूंच्या बाजूचा होतो आणि तसे स्पष्ट बोललोही. ज्याच्याकडे परतीचे पैसे नाहीत, त्याच्यासाठी ट्रेलरमध्ये राहणे ही निवड उरत नाही.

अटी मान्य झाल्यावर २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांनी भाड्याने घेतलेल्या ट्रेलरमध्ये महिनाभर मिशिगनच्या किनाऱ्याने मुक्काम केले. त्या महिन्यात सलग आठवडाभर पाऊस होता, आणि ते बरेच झाले. दोन माणसांना अख्खे दिवस एकाच खोलीत काढता येतात का, हे उन्हात कळत नाही.

तारीख ठरली ती आरोग्य विम्यामुळे

हा विचार पहिल्यांदा माझ्यापर्यंत आला तो २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि त्या दिवशी ट्रेलर कोणता घ्यावा याबद्दल आम्ही जवळजवळ काहीच बोललो नाही. काका त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पासष्ट वर्षांचे झाले होते आणि त्यांनी मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा) खासगी कंपनीमार्फत देणारी मेडिकेअर ॲडव्हांटेजची योजना घेतली होती, कारण तिला वेगळा मासिक हप्ता नव्हता. नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्यासाठी ती वाईट नव्हती. पण अशा योजनांत डॉक्टर आणि रुग्णालये ठरावीक परिसरातील असतात आणि परिसराबाहेर तातडीचे उपचार सोडले तर फारसे काही सहज मिळत नाही. सतत राज्ये बदलणाऱ्याला मूळ मेडिकेअर आणि जोडीला मेडिगॅपची पूरक पॉलिसी हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण मेडिकेअर स्वीकारणारा कोणताही डॉक्टर मग कोणत्याही राज्यात चालतो.

अडचण अशी की मेडिगॅप केव्हाही मागून मिळत नाही. पासष्टी पूर्ण होऊन मेडिकेअरचा भाग बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाला की पहिले सहा महिने कंपनीला प्रकृती न तपासता पॉलिसी द्यावीच लागते. त्यानंतर बहुतेक राज्यांत ती तब्येतीच्या चौकशीनंतर महाग देऊ शकते किंवा नाकारू शकते. ज्याने पासष्टीला प्रथमच ॲडव्हांटेज घेतली असेल, त्याला मात्र पहिल्या बारा महिन्यांत मूळ मेडिकेअरकडे परतून विनाचौकशी मेडिगॅप घेण्याचा हक्क असतो. काकांचा तेव्हा दहावा महिना चालू होता आणि त्यांना मधुमेह आहे. ते फेब्रुवारीनंतर आले असते, तर इलिनॉयमध्ये चौकशीशिवाय पॉलिसी मिळण्याची खात्री मला देता आली नसती. योजना बदलण्याची दरवर्षीची मुदत डिसेंबरमध्ये संपते, तिच्याआधीच त्यांनी योजना बदलली. ट्रेलर घ्यायचा की नाही हे तेव्हा ठरलेले नव्हते, तरीही हप्त्याचा वाढीव खर्च पत्करून हे पाऊल आधी टाकले, कारण दार बंद होण्याची तारीख ठरलेली होती.

काकूंचे वय तेव्हा चौसष्टीच्या अलीकडचे होते. पासष्टीपूर्वी सरकारी बाजारातून घेतलेला विमा राज्यानुसार, किंबहुना जिल्ह्यानुसार मिळतो आणि त्याचे डॉक्टरही त्याच भागातले असतात; त्यामुळे त्यांची पासष्टी जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण होईपर्यंत घर सोडायचे नाही असे ठरले. काकांना हे चौदा महिने लांब वाटले. पुढची सारी तयारी याच चौदा महिन्यांत झाली, आणि घाईने ती झाली नसती.

आणखी एक गोष्ट याच काळात उरकली. काकूंकडे तोवर भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड होते. अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज करायचा त्यांनी आधीच ठरवले होते, त्यामुळे त्यांचा भारतीय पासपोर्ट जाणार हा प्रश्न ट्रेलरमुळे उद्भवलेला नव्हता. पण अर्ज करणाऱ्याने त्या राज्यात किमान तीन महिने राहिलेले असावे लागते, मुलाखतीचे पत्र टपालाने येते, आणि जो नागरिक नाही त्याने पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते. फिरत्या घरातून हे सांभाळणे अशक्य नाही, पण त्रासाचे नक्की आहे. नागरिकत्वाचा शपथविधी आणि भारतात ये-जा करण्यासाठीचे ओसीआय कार्ड दोन्ही नेपरव्हिलच्या पत्त्यावर असतानाच झाले. ग्रीन कार्डावर असलेल्या कोणाही मराठी कुटुंबाने असा बेत आखताना ही बाब पहिल्या पानावर लिहावी, असे माझे मत आहे.

वजन

आता ट्रेलरकडे येतो. शिकागोपासून दोन-अडीच तासांवर इंडियानातील एल्कहार्ट परगणा आहे. अमेरिकेतील बहुसंख्य ट्रेलर त्याच भागात तयार होतात. काका-काकू तिथे जाऊन कारखाने पाहून आले आणि त्यानंतर त्यांनी नवा ट्रेलर घेण्याचा विचार सोडला. २०२१ मध्ये, साथीच्या काळात वाढलेल्या मागणीमुळे, या उद्योगातून सहा लाख वाहने बाहेर पडली होती. एवढ्या घाईत बनलेल्या वस्तूची जोडणी आणि सीलबंदी याबद्दल मला शंका होती. म्हणून त्यांनी २०१९ साली बनलेला, एकाच मालकाने वापरलेला ट्रेलर घेतला. शिवाय नव्या ट्रेलरच्या अनेक वॉरंट्यांत कायम वास्तव्य केल्यास संरक्षण मिळत नाही असे लिहिलेले असते. या वाहनांचा दर्जा ज्या मानकावर ठरतो, ते मुळात तात्पुरत्या, सहलीच्या किंवा हंगामी राहण्यासाठी आहे. घरबांधणीचा कायदा त्यांना घर मानत नाही, म्हणून विमाही ‘फुल-टाइमर’ म्हणून वेगळा घ्यावा लागतो. साध्या पॉलिसीत घरमालकाच्या विम्यासारखे दायित्व धरलेले नसते.

ट्रेलरच्या दाराजवळ एक पिवळी पट्टी असते. तिच्यावर आत किती वजनापर्यंत सामान भरता येईल हा आकडा छापलेला असतो. या ट्रेलरचा तो आकडा १,६५० पौंड होता. पिण्याच्या पाण्याची टाकी ४४ गॅलनची, आणि गॅलनभर पाण्याचे वजन ८.३४ पौंड, म्हणजे टाकी भरली की ३६७ पौंड त्यातच गेले. दुसरी बॅटरी, पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या, विजेचा सर्ज प्रोटेक्टर, चाकाखाली ठेवायचे ठोकळे आणि हत्यारे यांचे मिळून १८० पौंड. उरले सुमारे १,१०० पौंड, म्हणजे ५०० किलो. दोन माणसांचे कपडे, भांडी, धान्य, औषधे, पुस्तके, देव आणि कागदपत्रे या सगळ्यांसाठी एवढेच. विमानप्रवासाच्या तेवीस किलोच्या बॅगांच्या भाषेत सांगायचे तर एकवीस-बावीस बॅगा. कपाटे तेवढ्यावर भरत नाहीत, आणि फसगत नेमकी तिथे होते: जागा उरलेली दिसते, वजन मात्र संपलेले असते.

काकूंनी न्हाणीघरातला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला आणि वहीत तीन रकाने आखले: वस्तू, वजन, गेल्या वर्षात किती वेळा वापरली. ती वही मी पाहिली आहे. पितळी परात राहिली, तांब्याची घागर गेली. लोखंडी तवा, दोन कुकर, पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा आणि मिक्सर हे वादाशिवाय राहिले. सासरहून आणलेला पाटा-वरवंटा अठ्ठावीस किलो भरला. तो एकट्याने त्यांच्या वाट्याच्या सामानाचा अठरावा हिस्सा खात होता. तो मोटारीने मुलीकडे पोचवला. मराठी पुस्तकांच्या खोक्यांपैकी बहुतेक ओळखीच्या कुटुंबांत आणि मंडळाच्या संग्रहात गेली, दोन खोकी सोबत आली. देव्हारा सागवानी होता, त्याऐवजी कपाटाच्या एका कप्प्यात देव बसवले, आणि प्रवासात ते लोकरी शालीत गुंडाळून ठेवायचे असे ठरले. सातबाराचे उतारे, विवाह नोंदणीचा दाखला, शेअर आणि मृत्युपत्र यांच्या मूळ प्रती ट्रेलरमध्ये ठेवायच्या नाहीत असे मी आग्रहाने सांगितले, कारण चोरी, आग आणि पाणी या तिन्हींपासून ट्रेलर घरापेक्षा कमी सुरक्षित असतो. त्या मुलीच्या घरच्या तिजोरीत आहेत.

उरलेल्या सामानाबाबतही पहिले पाऊल मागे घेता येईल असेच टाकले. एक छोटे स्टोरेज भाड्याने घेतले आणि वर्षभराची मुदत ठरवली. वर्षानंतर त्यातून अल्बम आणि काकूंच्या आईची पैठणी एवढेच बाहेर काढावेसे वाटले. फर्निचर आणि जेवणाचे मोठे सेट मुलांनाही नको होते. मुदत न ठरवता स्टोरेज घेणारी माणसे दहा-दहा वर्षे भाडे भरत राहतात. म्हणून मुदतीला मी फार महत्त्व देतो.

वजनाचा दुसरा अर्धा हिशेब ओढणाऱ्या वाहनाचा. विकणाऱ्याने काकांना सांगितले की त्यांचा ‘अर्ध्या टनाच्या’ वर्गातला पिकअप ट्रक अकरा हजार पौंड ओढू शकतो आणि ट्रेलरचे जास्तीत जास्त वजन तर ८,२०० पौंडच आहे. आकडा खरा होता, पण प्रश्न त्याचा नव्हता. ट्रेलर नीट चालावा, मागे डुलू नये, यासाठी त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यावा लागतो. साडेबारा टक्के धरले तर १,०२५ पौंड ट्रकच्या पाठीवर. दोघांचे वजन ३३० पौंड, वजन विभागणाऱ्या हिचचे स्वतःचे १००. बेरीज १,४५५. ट्रकच्या दारावरील पट्टीवर पेलोडचा, म्हणजे ट्रकने पाठीवर वाहायच्या वजनाचा, आकडा १,५५० होता. म्हणजे ट्रकमध्ये ठेवायला ९५ पौंड उरले, आणि हत्यारांची एक पेटी व पाण्याचे दोन कॅन यांतच ते संपले असते. ओढण्याची क्षमता वेगळी आणि पाठीवर वाहण्याची वेगळी, हा फरक न समजल्याने अनेक जण डोंगरउतारावर संकटात सापडतात. काकांनी ट्रक बदलला आणि ‘पाऊण टनाच्या’ वर्गातला घेतला, ज्याचा पेलोड जवळजवळ दुप्पट होता. खर्च वाढला, पण या एका खर्चाबद्दल मी कधी दुसरे मत दिले नसते. निघण्यापूर्वी त्यांनी सर्व सामान भरून महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील काट्यावर वजन करून घेतले. ट्रेलर मर्यादेच्या दीडशे पौंड आत होता.

पत्ता

घराबरोबर पत्ता जातो, आणि पत्त्यावर परवाना, वाहन नोंदणी, विमा, बँक आणि कर हे सारे टांगलेले असते. कायम फिरणारे लोक साधारणपणे साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एक राज्य आपले कायदेशीर घर म्हणून निवडतात, कारण तिन्ही राज्यांत वैयक्तिक आयकर नाही आणि तिन्हीकडे टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. साउथ डकोटाची पद्धत सर्वात सुटसुटीत. राज्यात किमान एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल सेवेचा पत्ता यांवर वाहन परवान्याचे काम होते.

काकांचा कल आयकर वाचतो म्हणून साउथ डकोटाकडे होता. इथे थोडे थांबायला हवे. इलिनॉयचा आयकर ४.९५ टक्के आहे, पण सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), पेन्शन आणि ४०१(के) या नोकरीतल्या बचत खात्यातून निवृत्तीनंतर काढलेल्या रकमा यांवर तो लागत नाही. त्यांचे बहुतेक उत्पन्न याच प्रकारचे होते, आणि इलिनॉयमधल्या घराच्या भाड्यावर तर दुसऱ्या राज्यात गेल्यावरही इलिनॉय कर घेणारच होते. म्हणजे ज्या बचतीसाठी राज्य बदलायचे, ती बचत त्यांच्या बाबतीत फारच थोडी होती. मग निवड दुसऱ्या निकषांवर झाली. टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथे एस्केपीज क्लबचे मुख्य ठाणे आणि टपाल केंद्र आहे. तिथून ह्यूस्टन दीड तासावर, भारतात जायला विमानतळ, मोठी रुग्णालये आणि भरभक्कम मराठी वस्ती. शिवाय लिव्हिंगस्टनलाच त्या क्लबचे ‘केअर’ केंद्र आहे, जिथे आजारपणामुळे किंवा वयामुळे फिरणे थांबलेल्या सभासदांना स्वतःच्या ट्रेलरमध्येच राहून जेवण आणि दैनंदिन मदत मिळते. काकूंनी ते पाहिले आणि टेक्सास ठरले.

घराबाबतचा क्रमही पत्त्याशी जोडलेला आहे. राहते घर विकल्यावर झालेल्या नफ्यापैकी दांपत्याला पाच लाख डॉलरपर्यंत केंद्रीय कर लागत नाही, पण विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षे तिथे राहिलेले असावे लागते. म्हणजे घर सोडल्यावर साधारण तीन वर्षांच्या आत ते विकले तर सवलत हातात राहते. ही तीन वर्षे म्हणजे परतीचे दार उघडे ठेवण्याची मुदत. मार्च २०२३ ते मार्च २०२६ ही चौकट आखून घर भाड्याने दिले. भाडे चालू असताना घेतलेल्या घसाऱ्यावर (घर जुने होते म्हणून करात मिळणाऱ्या वजावटीवर) विक्रीच्या वेळी कर द्यावा लागतो, तो त्यांनी दिला. दोन वर्षे मागे वळण्याची सोय राहिली, तिच्या मानाने ही रक्कम मला वाजवी वाटते.

रोजचे राहणे

राहण्याबद्दल एवढे लिहिले जाते की मी थोडक्यात आटोपतो, फक्त स्वयंपाकाचे सविस्तर सांगतो, कारण मराठी घरात ताण तिथेच येतो. त्यांच्या ट्रेलरला ३० अँपिअरची जोडणी आहे, म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॅट. एअर कंडिशनर चालू असताना साधारण १,५०० वॅट घेतो, इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १,८००. त्यावर कोणी मायक्रोवेव्ह लावला की खांबावरचा ब्रेकर पडतो. पहिल्या महिन्यात हे रोज होत असे. पुढे कुकर गॅसवर आणि इंडक्शन मध्यम आचेवर अशी शिस्त लागली. मोहरी-मिरचीची फोडणी आत दिली की धूर-सूचक वाजतो आणि वास गादीपर्यंत जातो. म्हणून बाहेर छताच्या कापडी मांडवाखाली एका पेटीवर छोटी गॅस शेगडी ठेवली आहे. वरण आत शिजते, फोडणी बाहेर होते आणि काकू दार कोपराने ढकलून फोडणीपात्र आत आणतात. थंडीत भाताची वाफ खिडक्यांवर जमून भिंतीत मुरते, तेव्हा छताचा पंखा चालवणे ही चैन नसून दुरुस्तीचा खर्च टाळण्याचा उपाय आहे.

शौचाला पाणी वापरण्याची आपली सवय इथे उलट उपयोगी पडते, कारण ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे मैल्याच्या टाकीत, पाणी भरपूर असेल तर मैला साचून घट्ट होत नाही. टाकी रिकामी करण्याची झडप मात्र ती बरीच भरेपर्यंत बंदच ठेवावी लागते. जिथे नळजोडणी नाही तिथे ४४ गॅलन पाणी दोघांना चार दिवस पुरते. त्यांनी अशा जागी चार दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही असा नियम केला.

पहिल्या वर्षी ते फार फिरले. दर तीन-चार दिवसांनी मुक्काम हलत होता, ट्रेलर ओढताना ट्रक गॅलनला नऊ-दहा मैल देत होता आणि कॅम्पग्राउंडचे रात्रीच्या हिशेबाने लागणारे भाडे जमेस धरता खर्च नेपरव्हिलच्या घराएवढाच होत होता. बासष्ट किंवा त्याहून अधिक वयाच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो आणि अनेक केंद्रीय कॅम्पग्राउंडांवर त्यावर निम्मे शुल्क लागते. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या धरणकाठच्या जागा त्यांना याच पासमुळे परवडल्या. खरी बचत मात्र वेग कमी केल्यावर झाली. महिन्याच्या दराने जागा घेतली तर भाडे बरेच उतरते, वीज मात्र मीटरप्रमाणे वेगळी द्यावी लागते. दुसऱ्या वर्षापासून ते एका जागी महिना-दोन महिने राहतात, आणि काकूंच्या मते ओळखी होऊ लागल्या त्या तेव्हापासून.

गळती

२०२४ च्या शरदात पुढच्या कोपऱ्यात छताच्या कडेचे सील उघडले आणि पाणी भिंतीत उतरले. पलंगाजवळची जमीन पायाखाली मऊ लागेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. विम्याने खर्च नाकारला, कारण हळूहळू झालेली गळती ही देखभालीची बाब मानली जाते, आणि पॉलिसीत तसे स्पष्ट लिहिलेले होते. कार्यशाळेने ट्रेलर सात आठवडे ठेवून घेतला.

या प्रकरणातील सर्वात कठीण काळ हाच. घराचे छत गळले तर माणूस दुसऱ्या खोलीत झोपतो. ट्रेलर दुरुस्तीला गेला की स्वयंपाकघर, अंथरूण, औषधे आणि देव सगळेच त्याच्याबरोबर जाते. ते सात आठवडे मुलीकडे कॅरीला राहिले. मुलीने मनापासून ठेवून घेतले, तरी काकूंनी मला फोनवर सांगितले की आपले काहीच नसलेल्या घरात राहण्याची भावना त्यांना पहिल्यांदा आली. दुरुस्तीचा खर्च त्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून झाला आणि परतीच्या निधीला हात लागला नाही. आता दर तीन महिन्यांनी काका शिडी लावून छताची प्रत्येक कड तपासतात आणि तारीख वहीत लिहितात. टायरांचेही तसेच: ट्रेलरचे टायर झिजण्याआधी जुने होतात, त्यामुळे त्यांच्या कडेवर छापलेले शेवटचे चार आकडे, म्हणजे बनावटीचा आठवडा आणि वर्ष, पाहून ते बदलले गेले.

मला अपेक्षित होते की त्यानंतरच्या जानेवारीच्या आढाव्यात काकू ‘पुरे’ म्हणतील. त्यांनी उलट घर विकायला संमती दिली. त्यांचे कारण लिहून ठेवण्यासारखे आहे: सात आठवड्यांत त्यांना नेपरव्हिलच्या घराची आठवण आली नाही, ट्रेलरची आली. २०२५ च्या उन्हाळ्यात विक्री झाली, नफा सवलतीच्या मर्यादेत बसला आणि त्यातील मोठा भाग परतीच्या निधीत गेला. आता त्या निधीतून भाड्याचे अपार्टमेंट नव्हे, तर लहानसा फ्लॅट विकत घेता येईल.

सध्याची स्थिती

थांबण्याची अटही त्यांनी लिहून ठेवली आहे: दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याने ट्रेलर जोडता, ओढता आणि जागेवर लावता आला पाहिजे, ज्या दिवशी दोघांपैकी एकाला जरी हे जमेनासे होईल, त्या हंगामाअखेर ओढणे बंद. या अटीमुळे काकूंनी ओढणे आणि मागे घेणे दोन्ही शिकून घेतले. मोकळ्या पार्किंगमध्ये ठोकळे मांडून त्या शिकल्या, आणि आज ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंगवर बहुतेक वेळा त्याच असतात, काका मागे उभे राहून खुणा करतात.

पुढच्या आढाव्यासमोर एक नवा प्रश्न आहे. मुलीला बाळ होणार आहे आणि तिने ट्रेलर आपल्या अंगणात लावावा असे सुचवले होते. तिच्या वसाहतीच्या नियमांत ते बसत नाही. कॅरीजवळच्या कॅम्पग्राउंडमध्ये महिन्याच्या दराने वर्षभर राहायचे की तिथेच लहान फ्लॅट घ्यायचा, हे ठरवायचे आहे. वर्षभर तिथेच राहिले तर टेक्सासचा पत्ता कायदेशीर घर म्हणून टिकवणे कठीण होईल, आणि नॉर्थ कॅरोलायनात सोशल सिक्युरिटी सोडून निवृत्तीच्या इतर रकमांवर आयकर लागतो. मेडिगॅपची पॉलिसी मात्र पत्ता बदलला तरी चालू राहते, फक्त हप्ता बदलू शकतो. काकांचा कल फ्लॅटकडे आहे. काकूंनी बाळंतपणापुरती सहा महिन्यांची जागा बघायला सांगितली आहे आणि ट्रेलर विकण्याची चर्चा त्यानंतरच करायची असे बजावले आहे. दोन्ही पर्यायांचा करासह हिशेब करून देण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.